शिडाची बोट घेण्याआधीची वर्षे

नवी मुंबईत राहून, नोकरी सांभाळून, पाच-सात वर्षांनी स्वतःची शिडाची बोट घ्यावी आणि कोकण किनाऱ्याने गोव्यापर्यंत, जमल्यास पुढे कोचीपर्यंत सहकुटुंब फिरावे, असा विचार ज्यांच्या मनात घोळत असेल त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. मी नेरूळला राहतो आणि याच तयारीच्या उत्तरार्धात आहे. बोट कोणती घ्यावी, हे सगळेजण आधी विचारतात. माझ्या मते तो प्रश्न फार नंतरचा आहे. पहिला प्रश्न असा की, जून ते सप्टेंबर या काळात बोट कुठे असेल? मुंबई बंदरातल्या हौशी बोटी पावसाळ्याआधी पाण्याबाहेर काढून ठेवाव्या लागतात. त्यासाठी क्रेन, बोट उभी करण्याचे घोडे, सुरक्षित जागा आणि विश्वासू माणूस यांची सोय हवी. ही सोय न पाहता घेतलेली बोट पहिल्याच पावसाळ्यात मालकाची झोप उडवते. म्हणून बोटीच्या जाहिराती पाहण्याआधी एक-दोन वर्षे केवळ जागेची चौकशी करण्यात गेली, तरी ती वाया गेली असे मी मानत नाही.

जागा पाहू लागले की भरती-ओहोटी आपोआप शिकावी लागते, आणि आपल्याकडे तिच्याखेरीज पान हलत नाही. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला, पाणी चार-साडेचार मीटरपर्यंत चढते-उतरते, तर भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या, दिवसांत हाच फरक बराच कमी होतो. भारतीय सर्वेक्षण विभागाची भरतीची कोष्टके वापरावीतच. पण कोळीवाड्यातला जुना हिशेबही पाठ असावा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीनच्या सुमारास, आणि अष्टमीला सहाच्या सुमारास भरती. खाडीत जितके आत जावे तितका थोडा उशीर धरावा. याच हिशेबाने अमावास्या आणि पौर्णिमा यांच्या आसपास भरती दुपारी आणि मध्यरात्री येते, म्हणजे नेमक्या सकाळी आणि संध्याकाळी खाडी रिकामी असते. बोट बेलापूरच्या बाजूला आत कुठे ठेवली आणि तिचा कील, म्हणजे तळाखाली उतरलेले जड पाते, दोन मीटर खोल असला, तर अशा रविवारी पहाटे निघण्याचा बेत आखताच येत नाही.

नांगराचा हिशेबही याच पाण्यावर बसतो. ओहोटीच्या वेळी तीन मीटर पाण्यात नांगर टाकला आणि नाळ (बोटीचे पुढचे टोक) पाण्यापासून एक मीटर उंच असली, तर पाचपट साखळीच्या नियमाने वीस मीटर साखळी पुरेशी वाटते. सहा तासांनी उधाणाचे साडेचार मीटर पाणी वाढले की नाळेपासूनची खोली साडेआठ मीटर होते आणि साडेबेचाळीस मीटर साखळी लागते. वीस मीटरवर निर्धास्त झोपलेल्या माणसाची बोट त्या वेळी सरकू लागलेली असते. हे गणित घरी वहीत वेगवेगळ्या खोलींसाठी पुन्हा पुन्हा मांडावे. बोटीवर, अंधारात, वारा असताना ते सुचत नाही.

यातूनच बोटीचा आकार ठरू लागतो. तीस-पस्तीस फुटी बोटींमध्ये एकच खोल कील असलेली बोट वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने अधिक चांगली चढते. पण चिखलात टेकली की ती कलंडते. दोन बाजूंना दोन आखूड कील असलेली बोट वाऱ्यावर थोडी मंद असते, मात्र ओहोटीला चिखलात सरळ उभी राहते. परदेशी मासिके आणि चित्रफिती पाहून बहुतेकांचे मन पहिल्या प्रकारावर जडते. ज्यांना खाडीच्या तोंडाशी बोट ठेवायची आहे, त्यांनी दुसऱ्या प्रकाराचा गंभीरपणे विचार करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. डोलकाठीची पाण्यापासूनची उंचीही मोजावी लागते. अशा बोटीची ती चौदा-पंधरा मीटर सहज असते. त्यामुळे मार्गातल्या प्रत्येक पुलाखालची आणि वीजवाहिनीखालची मोकळी उंची ऐन भरतीच्या पाण्यावर किती उरते, ते आधी पाहावे.

बोट नसताना समुद्रावर वेळ कसा मिळवायचा? मुंबईत नौकानयनाचे क्लब जुने आहेत. रॉयल बॉम्बे यॉट क्लबची स्थापना 1846 सालची आहे. ऑक्टोबर ते मे या हंगामात हार्बर लाइनने सीएसएमटी आणि तिथून कुलाबा गाठणे नवी मुंबईकरांना अवघड नाही, आणि शर्यतींच्या बोटींना हाताशी एखादा माणूस नेहमीच हवा असतो. वेळेवर येणारा, दोर नीट गुंडाळणारा आणि शेवटी बोट धुवायला थांबणारा नवखा पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलावला जातो. पहिल्या दिवसापासून नोंदवही ठेवावी: तारीख, बोट, मार्ग, सागरी मैल, वारा आणि कप्तानाची सही. ब्रिटनच्या रॉयल यॉटिंग असोसिएशनच्या (आरवायए) यॉटमास्टर ऑफशोअर परीक्षेसाठी 50 दिवस, 2500 सागरी मैल आणि 60 मैलांहून मोठे किमान पाच प्रवास दाखवावे लागतात, आणि हे मैल आठवणीतून गोळा करता येत नाहीत. परीक्षा द्यायची नसली तरी, विमा देणारा अनुभवाचा पुरावा विचारतो.

बेलापूरजवळच्या दिवाळे गावातल्या एका तांडेलांकडे (मासेमारी बोटीच्या कप्तानांकडे) मी अनेकदा जाऊन बसलो. समुद्रात एका जागी बांधून ठेवलेल्या डोल जाळ्यांच्या बोयांविषयी (तरंगत्या खुणांविषयी) त्यांनी सांगितलेली एक गोष्ट मी कायमची टिपून ठेवली आहे: “उधाणाच्या ओढीत बोये पाण्याखाली दबतात साहेब, तुम्हाला वाटेल जागा मोकळी आहे.” अशा जाळ्यावर इंजिन चालू ठेवून गेले तर दोर पंख्यात अडकतो आणि कोळ्याच्या पोटावर पाय येतो. रात्री किनाऱ्यालगत जवळचा मार्ग धरण्याऐवजी मी आता मनातल्या सगळ्या प्रवासांची आखणी बाहेरून करतो.

गोव्याच्या प्रवासाचे स्वप्न रजेच्या हिशेबाशीही जुळले पाहिजे. मुंबई ते गोवा हे अंतर सव्वादोनशे सागरी मैलांच्या आसपास आहे. पाच नॉटच्या (ताशी पाच सागरी मैल) वेगाने साधारण पंचेचाळीस तास. हंगामात दुपारचे खारे वारे बहुधा वायव्येकडून येत असल्याने जाणे सोपे जाते, पण परतीला तोच वारा तोंडावर येतो. म्हणून परतताना पहाटेच्या मतलई वाऱ्यांचा फायदा घेत विजयदुर्ग, जयगड, मुरूड असे मुक्काम करत यावे आणि रजा दुप्पट धरावी.

तयारीला वर्षे लागतात याचे दडपण वाटू लागले, तर नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे यांच्या एकट्याने केलेल्या पृथ्वीप्रदक्षिणेच्या मोहिमेकडे पाहावे. 2006 मध्ये हाती घेतलेले हे काम, गोव्यात ‘म्हादेई’ या शिडाच्या बोटीची बांधणी आणि चाचण्या होऊन, 19 ऑगस्ट 2009 रोजी मुंबईहून प्रत्यक्ष प्रस्थानापर्यंत पोहोचले, 19 मे 2010 रोजी ते एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करून परतले. नौदलाचे पाठबळ असतानाही तयारीची वर्षे प्रवासाच्या नऊ महिन्यांपेक्षा कितीतरी अधिक होती.

पैशांचे दोन स्वतंत्र गल्ले करावेत: एक खरेदीचा, दुसरा सांभाळण्याचा. वार्षिक देखभालीसाठी किमतीच्या दहा टक्के धरण्याचा प्रघात आहे. तीस लाखांच्या बोटीला वर्षाला तीन लाख. दुसरा गल्ला दोन वर्षांचा खर्च भागवण्याइतका भरेपर्यंत पहिल्याला हात लावू नये. डिझेल इंजिनाचे फिल्टर बदलणे, इंधनवाहिनीतली हवा काढणे आणि इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपातला इम्पेलर (फिरते रबरी चक्र) बदलणे एवढे तरी वागळे इस्टेट किंवा रबाळे परिसरातल्या एखाद्या ओळखीच्या मेकॅनिककडे शनिवारी उभे राहून शिकावे. पत्नी किंवा पती बरोबर येणार असेल तर त्यांनीही सुकाणू, व्हीएचएफ रेडिओचा संकटकाळी हाक देण्याचा चॅनल 16 आणि माणूस पाण्यात पडल्यावरची कृती स्वतंत्रपणे शिकावी. दोघांपैकी एकालाच बोट चालवता येत असेल तर ती बोट दोघांची नाही.

एवढे झाले की बोटी पाहायला निघावे. जुनी फायबरग्लासची बोट पाहताना छोटी प्लास्टिकची हातोडी घेऊन डेकवर वीतभर अंतराने ठोकत जावे. खणखणीत आवाज बदलून भद्द झाला की तिथे आतला थर सुटलेला किंवा ओला असण्याची शक्यता असते. तिथे खडूने खूण करावी. खुणा बहुधा डोलकाठीच्या बुडाशी, कठड्याच्या खांबांभोवती आणि दोर ओढण्याच्या विंचांखाली गर्दी करतात. डोलकाठीला उभे धरणारे तारांचे दोर (ताण) शेवटी कधी बदलले ते विचारावे. दहा-पंधरा वर्षांहून जुने असतील तर नव्यांचा खर्च किमतीतून वजा धरावा. त्यानंतर स्वतंत्र सर्वेक्षकाकडून, बोट पाण्याबाहेर काढून, ओलाव्याची तपासणी करून घ्यावी. नोंदणी, मालकीची साखळी आणि बोट परदेशी असेल तर आयात शुल्क भरल्याच्या पावत्या मूळ प्रतींत पाहिल्याखेरीज विसार देऊ नये.