एमबीएचा प्रोजेक्ट: फॉर्म पाठवण्याआधी रिकामे तक्ते काढा

वेळापत्रक आखा, वेळेत सुरुवात करा, वही ठेवा हे सांगणारे भरपूर भेटतात, त्यामुळे त्यात मी वेळ घालवत नाही. ही यादी मुळात एकाच गोष्टीसाठी लिहायला घेतली. प्रश्नावली लोकांना पाठवण्याआधी निकालाचे तक्ते काढून ठेवायचे. आकडे न भरलेले, नुसत्या ओळी आणि रकाने असलेले. माझ्या प्रोजेक्टमध्ये नेमकं हेच राहिलं होतं. काय झालं ते त्या टप्प्यावर सांगतो, आधी त्याच्या अलीकडचं उरकून घेऊ.

विषय लहान घ्या. ‘कर्मचाऱ्यांच्या समाधानाचा अभ्यास’ या शीर्षकात काहीही कोंबता येतं, म्हणूनच त्यातून काही निघत नाही. विषय प्रश्नाच्या रूपात लिहून बघा. ‘नोकरीत जितकी जास्त वर्षं, तितकं प्रशिक्षणाबद्दलचं समाधान कमी होतं का?’ असा प्रश्न झाला की निदान उत्तर कशाचं शोधायचं ते कळतं. आवडीचा विषय घ्या म्हणतात, घ्या. पण डेटा हाती लागणार आहे का ते आधी बघा. पगाराचे तपशील, ग्राहकांची यादी, उत्पादननिहाय नफा या गोष्टी कंपनी तुम्हाला देणार नाही, मामा तिथे मॅनेजर असले तरी.

फायनान्सवाल्यांचं या बाबतीत बरं असतं. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांचे वार्षिक अहवाल सगळ्यांना खुले असतात. फक्त एक बघा: मागच्या वर्षाचे आकडे पुढच्या वर्षीच्या अहवालात कधीकधी बदलून छापलेले असतात. पाच वर्षांची गुणोत्तरं काढायची तर कुठल्या अहवालातला आकडा धरला ते ठरवा, लिहा आणि शेवटपर्यंत तोच नियम पाळा. अर्धे जुने, अर्धे सुधारित असे आकडे मिसळले की आलेख उगाच उड्या मारतो आणि तुम्ही त्या उड्यांची कारणं लिहीत बसता.

गाईड. प्रत्येक भेटीनंतर त्याच दिवशी काय ठरलं ते चार ओळींत मेल करा. नंतर ‘मी असं म्हटलंच नव्हतं’ ऐकायची वेळ येत नाही.

कंपनीची परवानगी लेखी हवी. एचआरमधल्या कोणीतरी ‘या हो, काही प्रॉब्लेम नाही’ म्हटलं, ही परवानगी नव्हे. तो माणूस नोकरी बदलतो आणि तुम्ही गेटवर उभे राहता. पत्रात तीन गोष्टी स्पष्ट असू द्या: कोणाला प्रश्न विचारायचे, कंपनीचं नाव अहवालात घ्यायचं की नाही, आणि अहवाल ग्रंथालयात ठेवला तर चालेल का. तिसरी गोष्ट सगळे विसरतात आणि मग जमा करायच्या आठवड्यात नाव झाकायची पळापळ होते. तुमच्या संस्थेत एथिक्सची मंजुरी लागत असेल तर ती डेटा गोळा करण्याआधीच घ्यावी लागते. मागची तारीख घालून ती मिळत नाही.

उद्दिष्टं तीन किंवा चार. ‘अभ्यास करणे’ हे क्रियापद खोडा. तुलना करणे, संबंध तपासणे, कारणांचा क्रम लावणे असं काहीतरी लिहा, ज्यातून पुढे तक्ता निघू शकेल.

आता तक्ते. इथे थांबा आणि कागद घ्या, लॅपटॉप नको. एकेका उद्दिष्टासाठी, अहवालाच्या चौथ्या, म्हणजे निकालांच्या प्रकरणात जो तक्ता छापून यायला हवा तो काढा. वर शीर्षक लिहा, ‘नोकरीतील वर्षं आणि प्रशिक्षणाबद्दलचं समाधान’. डावीकडे ओळी: एक वर्षाच्या आत, एक ते पाच, पाचपेक्षा जास्त. वर रकाने: किती जण, सरासरी गुण, प्रमाण विचलन. आत काही नाही. मग प्रत्येक ओळीच्या आणि रकान्याच्या शेजारी, ही माहिती प्रश्नावलीतल्या कितव्या प्रश्नातून येणार, तो क्रमांक पेन्सिलीने लिहा. जिथे लिहायला क्रमांकच सापडत नाही, तिथे तुमचा प्रोजेक्ट बुडणार आहे.

माझा तिथेच बुडाला. प्रश्नावलीत वय होतं, शिक्षण होतं, विभाग होता, शिफ्ट होती, प्रशिक्षणावर पंधरा विधानं होती. नोकरीत किती वर्षं झाली, हा प्रश्नच नव्हता. तिसरं उद्दिष्ट अख्खं त्याच्यावर उभं होतं. गाईडने वाचली, मी वाचली, दोन मित्रांनी वाचली, कोणाच्याही लक्षात आलं नाही, कारण नसलेला प्रश्न वाचून दिसत नाही. तो रिकाम्या तक्त्यातच दिसतो. आणि उत्तरं निनावी घेतलेली, म्हणजे परत जाऊन विचारायची सोय नाही. वयावरून अंदाज बांधावा म्हटलं, तर पंचेचाळीस वर्षांचा माणूस गेल्या महिन्यात रुजू झालेला असू शकतो. उद्दिष्ट गाळलं, सिनॉप्सिस (प्रोजेक्टचा आधी मंजूर करून घेतलेला आराखडा) बदलून पुन्हा मंजुरीला पाठवला, त्यात जे वेळापत्रक कोसळलं ते कोसळलंच.

तक्त्याखाली कोणती चाचणी लावणार तेही आत्ताच लिहा. दोन गटांच्या सरासरीची तुलना असेल तर टी-टेस्ट, तीन किंवा जास्त गट असतील तर अनोव्हा, दोन्हीकडे नुसते वर्ग असतील तर काय-स्क्वेअर, दोन्हीकडे आकडे असतील तर सहसंबंध (एक वाढला की दुसरा किती वाढतो किंवा घटतो ते). एवढ्यावर बहुतेक प्रोजेक्ट निभावतात. हे आधी का, तर प्रश्न कसा विचारायचा ते चाचणीवर ठरतं. वय ‘२५ ते ३५’ अशा खोक्यांत विचारलंत की सहसंबंध विसरा. सरळ आकडा विचारा. आकड्यांचे गट नंतर हवे तसे पाडता येतात, गटांतून आकडा परत निघत नाही. खोके करायचेच असतील तर ‘१ ते ५’ आणि ‘५ ते १०’ असे करू नका, पाच वर्षं झालेल्याने कुठे टिक करायची?

काय-स्क्वेअरचं आणखी एक. समाधानाच्या पाच पायऱ्या आणि पाच विभाग असा तक्ता काढलात तर पंचवीस चौकटी झाल्या. माणसं साठ. चौकटीमागे सरासरी अडीचसुद्धा येत नाहीत आणि ही चाचणी नीट चालायला बहुतेक चौकटींत अपेक्षित संख्या किमान ५ लागते. रिकामा तक्ता समोर असेल तर हे फॉर्म पाठवण्याआधी कळतं आणि विभाग एकत्र करायचे की माणसं वाढवायची ते ठरवता येतं. तक्ता नसेल तर सॉफ्टवेअर निकालाखाली बारीक अक्षरात इशारा देतं आणि तो तुमच्याआधी परीक्षकाला दिसतो.

उलट बाजूही तपासा. जो प्रश्न एकाही तक्त्यात जात नाही तो काढून टाका. वैवाहिक स्थिती सगळे सवयीने विचारतात. कशासाठी?

मग प्रश्नावली. शक्य असेल तर तयार, तपासलेली मोजपट्टी घ्या. सेवेच्या दर्जासाठी १९८८ ची सर्व्हक्वाल आहे, २२ विधानं, पाच अंगं. नोकरीतल्या समाधानासाठी स्पेक्टर यांची १९८५ ची जॉब सॅटिस्फॅक्शन सर्व्हे आहे, ३६ विधानं, नऊ अंगं. वापरण्याच्या अटी वाचा, संदर्भ द्या आणि स्वतःच्या मनाने त्यातली निम्मी विधानं उडवू नका. स्वतः विधानं लिहिणार असाल तर ‘आणि’ शोधा. ‘प्रशिक्षक अनुभवी आणि समजावून सांगणारे होते’ हे दोन प्रश्न आहेत. अनुभवी पण पुटपुटणाऱ्या प्रशिक्षकाला किती गुण द्यायचे? लायकर्टची ‘पूर्णपणे असहमत’ ते ‘पूर्णपणे सहमत’ अशी पाच पायऱ्यांची पट्टी १९३२ पासून चालत आली आहे, सगळीकडे एकाच दिशेने ठेवा, मध्येच ‘पूर्णपणे सहमत’ डावीकडून उजवीकडे नेऊ नका.

पायलट, म्हणजे थोड्या लोकांवरची आधीची चाचणी, टाळू नका. दहा-पंधरा जण पुरतात, पण त्यांतल्या दोघा-तिघांच्या शेजारी बसून ते फोनवर फॉर्म कसा भरतात ते बघा. लॅपटॉपवर झकास दिसणारा पाच रकान्यांचा ग्रिड फोनवर तीन रकान्यांनंतर कापला जातो आणि लोक दिसतंय त्यातलंच काहीतरी दाबून पुढे जातात. आणि पायलटचा डेटा आला की तो त्या रिकाम्या तक्त्यांत भरा. हो, दहाच जणांचा. निकाल काही कळणार नाही, पण एखादी ओळ भरताच येत नसेल तर ते कळेल. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतोय हे माहीत आहे. ज्यांनी तक्ते अजून काढले नाहीत त्यांनी इथून मागे जा.

किती माणसं घ्यायची? ३८४ हा आकडा लोक मंत्रासारखा लिहितात. क्रेजसी आणि मॉर्गन यांच्या १९७० च्या तक्त्यात दहा लाखांच्या लोकसंख्येसमोर तो येतो. तुमच्या कंपनीत एकूण चारशे माणसं असतील तर त्याचा काय उपयोग? यामाने यांचं सूत्र घ्या, एकूण संख्या भागिले (१ अधिक एकूण संख्या गुणिले चुकीच्या मर्यादेचा वर्ग). चारशे माणसं, पाच टक्के मर्यादा, उत्तर दोनशे. पण अशा सूत्रांना नमुना यादृच्छिक लागतो, म्हणजे यादीतून चिठ्ठ्या टाकून काढल्यासारखा. व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंक टाकली आणि ज्यांनी भरली त्यांची घेतली, तर तो सोयीचा नमुना; तसंच लिहा आणि निष्कर्षात ‘सर्व कर्मचारी’ म्हणू नका. परीक्षक हे हमखास पकडतात.

फॉर्म पाठवताना शेवटची खात्री. उत्तरं यायला लागल्यावर प्रश्न बदलला किंवा वाढवला की तुमच्याकडे दोन वेगळे डेटा झाले, आधीचे आणि नंतरचे. निनावी लोकांना परत गाठता येत नाही. तक्ते समोर ठेवा, प्रत्येक ओळीवर बोट ठेवून प्रश्न क्रमांक म्हणा, मगच बटण दाबा.

डेटा आला की मूळ फाईल कुलूपबंद करा, काम प्रतीवर करा. वयाच्या रकान्यात कोणीतरी जन्मसाल भरलेलं असतंच. नकारार्थी विधानं उलटवा: पाच पायऱ्यांच्या पट्टीत ६ मधून मिळालेले गुण वजा करायचे. हे विसरलात की क्रॉनबॅकचा अल्फा, म्हणजे विधानं एकमेकांशी किती जुळतात त्याचं माप, घसरतो आणि माणसं प्रश्नावलीला शिव्या घालतात. अल्फा ०.७ च्या वर असला की सहसा चालवून घेतात, पण तो एकाच गोष्टीवरच्या विधानांचा काढायचा असतो, वय आणि शिफ्ट आत घेऊन नव्हे. एसपीएसएस हे आकडेमोडीचं विकतचं सॉफ्टवेअर नसेल तर जामोवी किंवा जास्प घ्या, दोन्ही फुकट आहेत आणि आपल्याला लागतं ते सगळं करतात. सॉफ्टवेअर पी ची किंमत (खरा फरक नसताना इतका किंवा याहून मोठा फरक नुसत्या योगायोगाने दिसण्याची शक्यता) ०.००० दाखवतं, तुम्ही ‘०.००१ पेक्षा कमी’ लिहा. नल हायपोथेसिस, म्हणजे ‘फरक किंवा संबंध नाही’ हे गृहीतक, ‘स्वीकारली’ लिहू नका, ‘नाकारता आली नाही’ लिहा. सहसंबंध सापडला म्हणून कारण सापडलं असं होत नाही.

लिखाण. पद्धतीचं प्रकरण आधी लिहा, काम ताजं असताना. प्रस्तावना सर्वांत शेवटी. लिटरेचर रिव्ह्यू म्हणजे ‘अमुक यांनी असं म्हटलं, तमुक यांनी तसं म्हटलं’ अशी रांग नको, तुमच्या उद्दिष्टांप्रमाणे गट पाडा. संदर्भ पहिल्या दिवसापासून झोटेरोत (संदर्भ साठवून सूची बनवणारं सॉफ्टवेअर) टाका. चॅटबॉटने दिलेला संदर्भ असेल तर तो लेख खरंच अस्तित्वात आहे का ते उघडून बघा, नसलेले लेख बेमालूम नावांनी येतात. शिफारशी तुमच्या तक्त्यांतून निघालेल्या हव्यात. ‘कंपनीने प्रशिक्षण वाढवावे’ हे अभ्यास न करताही लिहिता आलं असतं.

प्लॅगियरिझमची तपासणी मुदतीच्या आदल्या रात्री नको. संस्थेची मर्यादा किती, संदर्भसूची त्यात धरतात का, आधी विचारा.

अनुक्रमणिका आपोआप बनवा, तक्त्यांचे क्रमांकही. पीडीएफ करून दुसऱ्या संगणकावर उघडा, देवनागरी फॉन्ट तुटतात. सह्या आधी, बाइंडिंग नंतर. कंपनीच्या सर्टिफिकेटवरचं शीर्षक आणि मुखपृष्ठावरचं शीर्षक शब्दशः एक हवं.

व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, स्लाइड थोड्या. मर्यादा स्वतःहून सांगा. हीच चाचणी का, एवढीच माणसं का, या दोन प्रश्नांची उत्तरं तोंडपाठ. अहवालाची स्वतःची प्रत बरोबर न्या, पानांना चिकटपट्ट्या लावून. दुरुस्त्या सांगतील त्या तिथेच लिहून घ्या आणि सुधारित प्रत कधीपर्यंत, कोणाकडे द्यायची ते विचारूनच बाहेर पडा.