केळीच्या सालीने पाण्यातलं तांबं कसं खेचायचं

केळीच्या सालीत पेक्टिन आणि सेल्युलोज असतं, त्यावरचे कार्बॉक्सिल गट (धातू धरू शकणारे अणूंचे पुंजके) स्वतःकडचं कॅल्शियम, पोटॅशियम सोडतात आणि त्या जागी तांबं, शिसं, कॅडमियम धरून ठेवतात. थोडक्यात आयन एक्स्चेंज, म्हणजे विद्युतभार असलेल्या कणांची (आयनांची) अदलाबदल. करून बघायचं तर शिसं-कॅडमियमच्या नादी लागू नका, मोरचूद (कॉपर सल्फेट, तांब्याचा क्षार) घ्या, तेही हातमोजे घालून.

साली बारीक कापा, उन्हात वाळवा, मग ओव्हनमध्ये ८० डिग्रीच्या आत ठेवा, कटकन मोडली पाहिजे. मिक्सरला फिरवून चाळा. एकदम पिठासारखी करू नका, नंतर फिल्टर पेपर तुंबतो आणि बसा वाट बघत. आता ही पावडर डिस्टिल्ड वॉटरने धुवायची, पाणी चहासारखं येतं ते नितळ होईपर्यंत, मग परत वाळवायची. हे धुणं बरेच जण टाळतात आणि मग रंगावरून काहीच कळत नाही.

१ लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये ०.४ ग्रॅम मोरचूद टाकलं की साधारण १०० मिलिग्रॅम तांबं होतं. त्यातलं १०० मिली घ्या, १ ग्रॅम पावडर टाका, तासभर हलवत राहा, गाळा. शेजारी पावडर न टाकलेलं पाणीही तसंच हलवून गाळून ठेवा, नाहीतर तुलना कशाशी करणार?

पाण्याचा पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं आंबट) ५ च्या आसपास हवा. फार आंबट झालं तर हायड्रोजन आयनच जागा अडवतात, आणि ६ च्या वर गेलात तर तांबं हायड्रॉक्साइड होऊन खाली बसायला लागतं, आपल्याला वाटतं सालीने कमाल केली! नळाचं जड पाणी पण नको, त्यातलं कॅल्शियम आडवं येतं.

दोन्ही गाळलेली पाणी सारख्या उंचीपर्यंत टेस्ट ट्यूबमध्ये भरा, दोन्हीत सारखाच अमोनिया टाका (खिडकी उघडी ठेवून), त्याने तांबं गडद निळं दिसतं, खाली पांढरा कागद धरा आणि वरून बघा, बाजूने बघितलं तर निळा फारसा दिसत नाही. सालीवालं फिकं दिसलं म्हणजे काम झालं.

पण ते पाणी प्यायचं नाही हां, फिकं म्हणजे शुद्ध नव्हे, पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे आणि एवढं बारीक डोळ्याला कुठून दिसणार, त्याला लॅबच लागते. तांबं कुठे गायब झालेलं नाही, सालीत गेलंय, म्हणून ती पावडर कंपोस्टमध्ये टाकू नका आणि उरलेलं द्रावण सिंकमध्ये ओतू नका. दोन्ही वेगवेगळ्या बाटलीत, लेबल लावून, केमिकल कचरा घेणाऱ्यांकडे द्या. पावडर परत वापरायची असेल तर पातळ (०.१ मोलर) हायड्रोक्लोरिक ॲसिडने तांबं सुटतं, फक्त मग ते ॲसिडही त्याच कचऱ्यात जातं.