पत्र्याच्या वर्कशॉपसाठी कमी विजेत पुरेसा उजेड कसा निवडावा

वाळूजमधील लेथचा (धातूचा तुकडा फिरवून कापणाऱ्या यंत्राचा) गाळा असो, जालन्यातील फॅब्रिकेशनचे शेड असो किंवा शेतातल्या आखाड्याला लागून ट्रॅक्टर आणि मळणीयंत्राच्या दुरुस्तीसाठी उभारलेले गॅरेज असो, दिवे घेताना दुकानात पहिला प्रश्न ‘किती वॅटचा?’ हाच विचारला जातो. वॅट हा विजेच्या खर्चाचा आकडा आहे. उजेडाचा आकडा ल्युमेन असून तो खोक्यावर बारीक अक्षरांत छापलेला असतो. २० वॅटची एक एलईडी बॅटन (ट्यूबसारखा लांब दिवा) १६०० ल्युमेन देते, तर तेवढ्याच वॅटची दुसरी २२०० देते. म्हणून ल्युमेनला वॅटने भागावे आणि उत्तर शंभराच्या खाली आले तर ती वस्तू परत ठेवावी. जुनी ४० वॅटची ट्यूब तांब्याच्या चोकसह सुमारे ५० वॅट खाते, हेही तुलना करताना विसरू नये.

खरेदीपूर्वी शेडचा कच्चा नकाशा काढून कोणते काम कुठे चालते ते त्यावर लिहावे. एका चौरस मीटरवर एक ल्युमेन पडला की एक लक्स उजेड होतो. सामान ठेवण्याच्या आणि ये-जा करण्याच्या जागेला १०० ते १५० लक्स पुरतात, फिटिंगच्या कामाला ३०० लागतात, तर लेथवर व्हर्निअर (बारीक माप घेण्याचे साधन) वाचायचा असेल तर ५०० हवेत.

आता ३० बाय ४० फुटांचे, म्हणजे सुमारे १११ चौरस मीटरचे शेड घेऊ. सगळीकडे ३०० लक्स हवे म्हटले तर ३३,३०० ल्युमेन लागतात. पण काळपट भिंती, उंची आणि धूळ यांत साधारण निम्मा उजेड वाया जातो, म्हणून दुप्पट धरावे लागतात. वॅटला ११० ल्युमेन या हिशेबाने हे सुमारे ६०० वॅट झाले. त्याऐवजी सर्वत्र १५० लक्स ठेवून व्हाइस (काम घट्ट पकडणारा शिकंजा), लेथ, ड्रिल आणि ग्राइंडर यांवर तीन फुटांच्या उंचीवर १५ वॅटचा एकेक दिवा टांगला, तर काम ३६० वॅटमध्ये भागते आणि हाताखालचा उजेड उलट वाढतो. मी सुरुवातीला मधोमध दोन मोठे हायबे (उंच छतासाठीचे मोठे गोल दिवे) लावले होते. शेड लखलखीत दिसे, पण व्हाइसवर वाकले की माझ्याच डोक्याची सावली कानशीवर पडे. चौदा-पंधरा फुटांपेक्षा कमी उंचीच्या शेडमध्ये हायबे डोळ्यांवरही येतो, तेथे बॅटनच्या रांगाच बऱ्या. ट्रॅक्टरखाली झोपून काम करणाऱ्याला मात्र छतावरचा कोणताच दिवा उपयोगी पडत नाही. त्याच्यासाठी बॅटरीवर चालणारा हँड लॅम्प घ्यावा.

फिरत्या यंत्रांबाबत विशेष सावध राहावे. स्वस्त ड्रायव्हरचा (एलईडीला वीज पुरवणाऱ्या सर्किटचा) दिवा सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो. मिनिटाला १५०० फेरे घेणारा लेथचा चार जबड्यांचा चक (काम पकडून फिरणारा भाग) दोन लुकलुकींच्या मधल्या काळात नेमका पाव फेरा फिरतो आणि डोळ्याला थांबल्यासारखा दिसतो. त्यावर हात गेला तर काय होईल ते सांगायला नको. दुकानातच दिवा लावून मोबाइलचा कॅमेरा त्याच्यासमोर धरावा. पडद्यावर ठळक काळे पट्टे सरकताना दिसले तर तो दिवा लेथजवळ लावू नये. थ्री फेज जोडणी असेल तर शेजारशेजारचे दिवे वेगवेगळ्या फेजवर घेण्यास वायरमनला सांगावे.

आपल्याकडे दिव्याचा खरा शत्रू पत्रा आहे. मे महिन्यात बाहेर ४२ अंश असताना पत्र्यालगतची हवा त्याहून बरीच तापते आणि एलईडीच्या आधी ड्रायव्हर जातो. म्हणून बॅटन पत्र्याला भिडवू नये, साखळीने एक-दीड फूट खाली सोडावी. वीज कमी-जास्त होत असल्याने १०० ते ३०० व्होल्ट झेलणारा आणि किमान ४ किलोव्होल्टचे सर्ज (विजेच्या अचानक झटक्यापासूनचे) संरक्षण असलेला ड्रायव्हर पाहावा. ग्राइंडिंगच्या धुळीत आयपी ६५ची, म्हणजे धूळ आत न शिरणारी, बंद फिटिंग टिकते. रंगाची पारख करायची असेल, विशेषतः वायरिंगच्या किंवा पेंटच्या कामात, तर सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ८० किंवा अधिक असावा. उजेडाची रंगछटा ४००० ते ५००० केल्विन, म्हणजे पांढरी, ठीक.

दिवसा दिवे लावावेच लागू नयेत म्हणून छतात उत्तरेकडच्या उतारावर दोन-तीन पारदर्शक पत्रे बसवावेत आणि भिंतींना पांढरा चुना द्यावा. इतक्या कमी पैशांत एवढा फरक दुसऱ्या कशानेही पडत नाही. प्रत्येक रांगेला वेगळे बटण ठेवावे.

सगळे दिवे एकदम घेऊ नयेत. आधी दोनच आणून अंधार पडल्यावर टांगावेत, व्हाइसपाशी उभे राहून व्हर्निअरवरच्या बारीक रेषा डोळे न ताणता वाचता येतात का ते पाहावे आणि मगच उरलेल्यांची ऑर्डर द्यावी.