सॅलिसिलिक ॲसिड लावताय? मग या चुका टाळा

माझी त्वचा तेलकट. दुपारी बाराच्या सुमारास कपाळावर पुऱ्या तळाव्यात इतकी. त्यामुळे नात्यागोत्यात कुणाला मुरूम आले की त्यावर लावायच्या सॅलिसिलिक ॲसिडची बाटली घेऊन माणूस माझ्याकडे येतो, आणि तक्रार ठरलेली: "लावलं, पण चेहरा उलट बिघडला."

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे एकाच चेहऱ्यावर चार बाजूंनी तेच ॲसिड. माझी भाची लग्नाच्या दोन महिने आधी आली. नाकाच्या कडा सोललेल्या, गालांवर लाल चट्टे, साधं पाणी लागलं तरी चुरचुर. "मावशी, मी फक्त दोन टक्क्यांचं सीरम लावते गं." म्हटलं, बाथरूममधल्या सगळ्या बाटल्या आणून मांड. फेसवॉशमध्ये सॅलिसिलिक, टोनरमध्ये सॅलिसिलिक, सीरम तर होतंच, शिवाय मुरमावर टिपायची जेल, तीही त्याचीच. वर दर रविवारी लिंबू आणि बेसन! आणि चुरचुरतंय म्हणजे काम करतंय, ही समजूत.

सगळं बंद केलं. तीन आठवडे फक्त सौम्य फेसवॉश, साधं मॉइश्चरायझर आणि सकाळी सनस्क्रीन. तिला हे फारच मिळमिळीत वाटलं. लाली गेली, पण काळसर डाग हळदीच्या दिवशीही होते. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीचं हेच आहे, मुरूम आठवड्यात बसतो, पण जळजळ झाली की मागे राहिलेला डाग महिनोन्‌महिने हलत नाही.

म्हणून माझ्याकडे सॅलिसिलिकची बाटली एकच असते. सुरुवात सोमवार-गुरुवार, उपवासासारखी, म्हणजे लक्षात राहतं. रात्री, चेहरा पूर्ण कोरडा करून, दोन-तीन थेंब, वर मॉइश्चरायझर. महिनाभर काही त्रास झाला नाही तर एक दिवसाआड. रोज मी आजही लावत नाही.

दुसरा माझा राग टक्केवारीवर. चेहऱ्यासाठी अर्धा ते दोन टक्के पुरे. मेडिकलमध्ये सहा आणि बारा टक्क्यांचं मलम मिळतं, ते तळपायाच्या जाड, राठ कातडीसाठी असतं. ते गालावर लावलेला एक शेजारी मी पाहिलाय. ऑनलाइन तीस टक्क्यांचं पील, म्हणजे कातडीचा वरचा थर सोलून काढणारं द्रावणही मिळतं. त्वचारोगतज्ज्ञ ते समोर घड्याळ ठेवून काही मिनिटांसाठी लावतात, आपण ते लावून मालिका बघत बसतो. टक्के जास्त म्हणजे गुण जास्त हे दहावीच्या निकालात, तोंडावर नाही.

आता घाई. हे ॲसिड तेलात विरघळतं, म्हणून रंध्रात शिरून तिथला तेल आणि मृत पेशींचा बूच हळूहळू सैल करतं. हळूहळू! सहा ते आठ आठवडे धरून चाला. पहिल्या काही आठवड्यांत नेहमीच्याच जागी थोडे जास्त मुरूम आले तर घाबरू नका. पण नव्या जागी पुरळ, खाज, आग होत असेल तर "घाण बाहेर पडतेय" म्हणून कौतुक करू नका, बंद करा.

तेलकट त्वचेला मॉइश्चरायझर नको, हे चूक. रेटिनॉल, म्हणजे अ जीवनसत्त्वाचं सीरम किंवा क्रीम, त्याच रात्री नको. ॲस्पिरिनची ॲलर्जी असेल तर याच्या वाटेला जाऊ नका, दोघं एकाच कुळातले. गरोदर असाल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि खोल, दुखरी गाठ असेल तर सीरमवर पैसे घालू नका, सरळ त्वचारोगतज्ज्ञाकडे जा.

एक राहिलंच. परवा पुतण्या आला, "काकू, दोन बाटल्या संपल्या, कपाळावरचे बारीक मुरूम जातच नाहीत." विचारलं, डोक्याला तेल? रोज रात्री, चांगलं चोपडून. उशीचा अभ्रा आणायला लावला, तर पिवळाधम्मक. तिसरी बाटली मी कपाटात ठेवली आणि अभ्रा त्याच्याच हाताने धुवायला टाकायला लावला.