मांगरात सापडलेली जुनी स्पोर्ट्स कार: पूर्ववत करावी की नाही, हे कसे ठरवावे

गोव्यात जुनी दोन आसनी स्पोर्ट्स कार अजूनही अधूनमधून सापडते. एखाद्या वाड्याच्या पडवीत, कुळागरातल्या मांगरात (बागेतल्या शेडमध्ये) किंवा भाटकाराच्या म्हणजे जमीनदाराच्या बंद गॅरेजात, अंगावर झावळ्या आणि रिकामी पिंपे घेऊन ती वर्षानुवर्षे उभी असते. मग घराची वाटणी होते, जागा मोकळी करायची असते आणि मिळेल त्या किमतीला ती विकली जाते. अशी गाडी स्वस्तात हाती आली की तिला पूर्ववत करावी का, हा प्रश्न उभा राहतो, आणि त्याचे उत्तर शोधताना खरेदीची किंमत विचारातून पूर्णपणे वगळावी, असे माझे स्पष्ट मत आहे. स्वस्तात मिळाली एवढ्यावर कोणतीही गाडी दुरुस्तीला योग्य ठरत नाही. निर्णय प्रामुख्याने कागद आणि पत्रा या दोन गोष्टींवर घ्यावा. इंजिनाकडे प्रत्येकाचे लक्ष आधी जाते खरे, परंतु या वर्गातल्या ब्रिटिश गाड्यांत इंजिन हा सगळ्यांत सुटण्यासारखा प्रश्न असतो.

कागद आधी

चासिस क्रमांकाची पट्टी शोधून तिचे स्वच्छ छायाचित्र घ्यावे आणि तो क्रमांक नोंदणी पुस्तकातील क्रमांकाशी अक्षरशः जुळवावा. एमजी या ब्रिटिश कंपनीच्या १९६२ ते १९६७ मधल्या खुल्या एमजीबीच्या चासिस क्रमांकाची सुरुवात जीएचएन३ अशी, तर तिच्याच टीडी या जुन्या मॉडेलची टीडी अशीच असते. गाडीच्या इतिहासाबाबत एक साधा ताळाही करून पाहता येतो. एमजीबी हे मॉडेलच १९६२ मध्ये बाजारात आले. त्यामुळे ‘ही पोर्तुगीज काळात लिस्बनहून आलेली गाडी’ असे विकणारा सांगत असेल आणि समोर एमजीबी उभी असेल, तर ती गाडी १९६१ च्या मुक्तीनंतर कुठूनतरी आलेली आहे आणि तिच्या आयातीचे किंवा दुसऱ्या राज्यातील नोंदणीचे कागद असलेच पाहिजेत. १९५० ते १९५३ ची टीडी किंवा १९५५ नंतरची एमजीए मात्र त्या काळात गोव्यात आलेली असू शकते. एमजीए आणि एमजीबीचा जन्मदाखला इंग्लंडच्या ब्रिटिश मोटर इंडस्ट्री हेरिटेज ट्रस्टकडून मागवता येतो. त्यात गाडी कारखान्यातून कोणत्या रंगात आणि कोणत्या इंजिन क्रमांकासह बाहेर पडली, याची नोंद मिळते. त्यासाठी द्यावे लागणारे शुल्क पुढच्या खर्चाच्या मानाने नगण्य आहे.

मालकी हा गोव्यातला अधिक नाजूक भाग आहे. मूळ मालक निवर्तलेला असतो, गाडी त्याच्याच नावावर असते आणि वारसांपैकी एक मडगावला, एक पोर्तुगालमध्ये, एक आखातात असतो. येथील नागरी कायद्यानुसार पती-पत्नींची मालमत्ता सर्वसाधारणपणे समाईक धरली जात असल्याने वारसाबरोबर त्याच्या जोडीदाराचीही संमती घेणे शहाणपणाचे ठरते. वारसदाखल्याची डीड (वारस कोण हे नोंदवणारा दस्त) झालेली आहे का, गाडीचा इन्व्हेंटरीत म्हणजे वाटणीसाठीच्या मालमत्तेच्या यादीत उल्लेख आहे का, हे विचारावे. मालकाच्या मृत्यूनंतर गाडी नावावर करण्यासाठी नमुना ३१, नेहमीच्या विक्रीसाठी नमुना २९ व ३०, आणि गाडी दुसऱ्या राज्यात नोंदलेली असल्यास तिथले नमुना २८ मधील ना-हरकत प्रमाणपत्र लागते. चावी देणाऱ्या माणसाच्या तोंडी आश्वासनावर एकही पत्रा कापू नये.

यानंतर १५ जुलै २०२१ च्या केंद्रीय अधिसूचनेने आलेले व्हिंटेज वाहनांचे नियम वाचावेत, कारण दुरुस्ती कशी करायची हेही त्यांवर अवलंबून आहे. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण झालेली, मूळ स्वरूपात राखलेली आणि चासिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली दुचाकी वा चारचाकी या नियमांत बसते. नव्याने नोंदणी करायची असल्यास शुल्क २०,००० रुपये आहे, पुनर्नोंदणीसाठी ५,००० रुपये, आणि प्रमाणपत्र १० वर्षे चालते. आधी नोंदलेल्या गाडीला आपला जुना क्रमांक ठेवता येतो. त्यामुळे जीडी अक्षरांनी सुरू होणारी गोव्याची जुनी पाटी असेल तर ती जपून ठेवावी. तिचे मोल जाणकारांना ठाऊक असते. मात्र अशी नोंदणी झालेली गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्याच कारणांसाठी रस्त्यावर आणता येते. रोज पणजीला कामावर जाण्यासाठी गाडी हवी असेल तर नेहमीची नोंदणी नूतनीकरण करून चालू ठेवावी लागेल, आणि आयात केलेल्या जुन्या मोटारींसाठी ते नूतनीकरण देशी गाड्यांपेक्षा बरेच महाग आहे. वाहतूक खात्याच्या कार्यालयात जाऊन आपल्या गाडीची नोंद संगणकीय प्रणालीत आलेली आहे की फक्त जुन्या रजिस्टरात आहे, हे खरेदीपूर्वी विचारून घ्यावे.

पत्रा कसा तपासावा

गोव्याची हवा पत्र्याची शत्रू आहे. चार महिन्यांचा पाऊस, किनाऱ्यालगतच्या बार्देश, तिसवाडी, सासष्टीतला खारा वारा आणि जमिनीतून वर येणारी ओल यांमुळे गंज खालून आणि आतून लागतो. वरचा रंग शाबूत दिसत असताना तळाचा पत्रा पापडासारखा झालेला असू शकतो. म्हणून गाडी आहे त्या जागी नुसती पाहू नये. ती बाहेर ओढून, भक्कम आधारावर उचलून, टॉर्च, चुंबक आणि बोथट टोकाचा स्क्रूड्रायव्हर घेऊन तळाखाली जावे.

एमजीबीची बॉडी मोनोकॉक आहे, म्हणजे वेगळी चासिस नसून बॉडीच सारा भार पेलते. दारांखालून पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जाणाऱ्या पत्र्याच्या पेटीला कारागीर सिल म्हणतात. छत नसलेल्या गाडीचा कणा तोच असतो. गाडी जमिनीवर असताना दार आणि बॉडी यांमधील फट मोजावी, मग गाडी मध्यावर जॅक लावून हळूच उचलावी आणि पुन्हा मोजावी. फट बदलली किंवा दार अडकू लागले, तर सिल आतून गेलेले आहे असे समजावे. त्यावर नुसता बाहेरचा नवा पत्रा जोडलेला असेल तर तो काम लपवण्याचा प्रकार आहे. सिल, त्याच्या आतला पत्रा आणि खालची पट्टी हे तिन्ही थर बदलावे लागतात. ते करताना बॉडीला आतून आडवे आधार देऊन, दारे बसवून फटी सतत तपासत राहावे लागते, नाहीतर गाडी मधोमध वाकून कायमची बसते. ट्रायम्फ या ब्रिटिश कंपनीच्या स्पिटफायरला मध्यभागी वेगळी चासिस असली तरी त्या चासिसला बाजूच्या कडा नाहीत, म्हणून या गाडीचेही सिल भार घेतात. एमजीएला मजबूत वेगळी चासिस असल्याने ती थोडी क्षमाशील आहे.

चुंबकाची परीक्षा सगळ्यांना माहीत असते, पण ती डोळे झाकून करू नये. एमजीएच्या दारांवर, बॉनेटवर आणि डिकीच्या झाकणावर चुंबक चिकटत नाही, कारण तिथे मुळातच अॅल्युमिनियम आहे. तिथे पुट्टी भरली आहे असा निष्कर्ष काढून चांगली गाडी सोडणारे लोक असतात. याउलट अॅल्युमिनियम लोखंडी फ्रेमवर दुमडलेले असते तिथे खाऱ्या हवेत दोन धातूंच्या सान्निध्याने पांढरी भुकटी धरते, ती कडांना बोटाने तपासावी. टीडीच्या बॉडीखाली अॅश लाकडाची चौकट असते आणि एमजीएची फरशी प्लायवुडची असते, त्यामुळे मांगरातील वाळवीने आधी तेच खाल्लेले असते. लाकूड मात्र नव्याने घडवता येते. फोंडा आणि डिचोलीकडे उत्तम सुतार आहेत, आणि जुन्या चौकटीचा नमुना हाती असेल तर हे काम पत्र्याच्या कामापेक्षा सोपे जाते.

पत्र्याचे काम कोण करणार, हा प्रश्न येथे तपासणीइतकाच महत्त्वाचा आहे. मांडवी आणि झुआरीच्या काठावरील बार्ज (मालवाहू नौका) दुरुस्तीच्या कारखान्यांमुळे गोव्यात कसबी वेल्डरांची कमतरता नाही. परंतु बार्जच्या जाड प्लेटवर हात बसलेला माणूस गाडीच्या जेमतेम एक मिलिमीटरच्या पत्र्यावर आला की पत्रा जळून भोक पडते किंवा उष्णतेने सारे पॅनेल लहरते. पातळ पत्र्यावर मिग किंवा टिग वेल्डिंग केलेले नमुने आपल्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय, आणि जोडलेला तुकडा मागच्या बाजूने तपासल्याशिवाय, काम देऊ नये. असा माणूस मिळाला नाही, तर निर्णय तिथेच ‘नाही’ असा होतो. मग इंजिन कितीही गोड फिरत असो.

इंजिन आणि बाकीचे

खूप वर्षे बंद असलेले इंजिन बॅटरी लावून सुरू करण्याचा मोह टाळावा. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये गंज सोडवणारे तेल ओतावे, काही दिवस मुरू द्यावे आणि मग क्रँकच्या पुढच्या नटवर पाना लावून हाताने, हळू, दोन्ही दिशांना फिरवून पाहावे. फिरले तर तेल बदलून कम्प्रेशन मोजावे. चारही सिलिंडरांचे आकडे एकमेकांच्या जवळ असणे हे एकट्या मोठ्या आकड्यापेक्षा अधिक दिलासा देणारे असते. अडकलेले इंजिनही शेवटी लेथवर आणि बोअरिंगच्या यंत्रावर सुटते.

येथे एक भारतीय सोय आहे. एमजीए १५०० चे १४८९ सीसीचे इंजिन बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या) बी-सीरिज घराण्यातले आहे आणि आपल्या अॅम्बॅसडरचे १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिनही त्याच घराण्यातले. एमजीबीचे १७९८ सीसीचे इंजिन हे त्याचेच पुढचे रूप आहे. त्यामुळे बी-सीरिज जाणणारे म्हातारे फिटर अजून भेटतात. पण याच सोयीमुळे अनेक गाड्यांत कधीकाळी मूळ इंजिन काढून अॅम्बॅसडरचे बसवले गेले. १९६७ पर्यंतच्या एमजीबीच्या मूळ इंजिनाचा क्रमांक १८जी या अक्षरांनी सुरू होतो. तसा तो नसेल तर व्हिंटेज नोंदणीचा विचार करणाऱ्याने आधी कार्यालयात चौकशी करावी. स्पिटफायरचा पाया ट्रायम्फ हेराल्डचा, आणि ती हेराल्ड मद्रासला स्टँडर्ड नावाने १९६१ पासून बनत होती, म्हणून पुढच्या सस्पेन्शनचे काही भाग जुन्या दुकानांत शोधण्यासारखे आहेत.

ब्रेकची रबरे, होज पाइप, मास्टर आणि व्हील सिलिंडर, टायर हे सारे बदलायचेच, असे धरून चालावे. त्यावर चर्चा नको. वायरिंग उंदरांनी कुरतडलेले असते, तेही नवे घ्यावे. १९६७ पूर्वीच्या एमजीबीत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असते, हे न पाहता चार्जर लावू नये. आज पंपावर मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचे पडदे फुगतात, म्हणून नवे भाग इथेनॉल सोसणारे मागवावेत. २००० सालापासून पेट्रोलमध्ये शिसे नाही, आणि त्यावाचून जुन्या व्हॉल्व्ह सीट झिजू शकतात. म्हणून बिडाच्या जुन्या हेडमध्ये कठीण व्हॉल्व्ह सीट बसवून घेण्याचा खर्च हेड उघडले तेव्हाच करावा.

हिशेब

केवळ पद्धत दाखवण्यासाठी काही आकडे गृहीत धरतो. समजा गाडी २ लाखांना पडली. पत्र्याचे काम ४ लाख, रंग दीड लाख, यांत्रिक काम अडीच लाख, परदेशातून येणारे भाग सीमाशुल्क व टपालासह ३ लाख, असा अंदाज झाला. हे ११ लाख झाले. गाडी उघडल्यावर निघणाऱ्या कामासाठी त्यात एक तृतीयांश भर घातली की पावणेपंधरा लाखांच्या जवळ जाते. म्हणजे ज्या किमतीमुळे आपण मोहात पडलो ती एकूण खर्चाच्या आठव्या हिश्शाच्या आसपास राहिली. याच मॉडेलची चालू, नोंदणी शुद्ध असलेली गाडी पुणे, मुंबई किंवा बंगळूरला कितीला जाते, ते पाहावे. एकूण खर्च त्याहून जास्त येत असेल तर जुनी गाडी दुरुस्त करणे म्हणजे छंदासाठी पैसे देणे होय. त्यात गैर काही नाही, फक्त त्याला गुंतवणूक म्हणू नये.

पूर्ण दुरुस्ती आणि विक्री यांच्यामध्ये आणखी एक मार्ग आहे आणि पत्रा शाबूत असलेल्या गाडीसाठी तोच मला सर्वांत योग्य वाटतो. रंगाला हात न लावता ब्रेक, इंधनव्यवस्था, वायरिंग आणि टायर एवढेच नीट करावे, गंज जिथे आहे तिथे थांबवावा आणि गाडी आहे त्या रूपात चालती ठेवावी. मूळ रंग, मूळ सीटचे चामडे, मूळ काचा एकदा काढल्या की परत येत नाहीत, आणि मूळ स्वरूप राखण्याची अटही याने आपोआप पाळली जाते.

निर्णय कोणताही असो, तो मे महिन्यापूर्वी घ्यावा. उघडून ठेवलेली बॉडी पत्र्याच्या शेडखाली एक पावसाळा काढते तेव्हा उघड्या पत्र्यावर पुन्हा गंज चढतो आणि केलेले घासकाम वाया जाते. काम पावसाळ्याआधी संपणार नसेल तर ते सुरूच करू नये. गाडी ठोकळ्यांवर उचलून, टाकीतले पेट्रोल काढून, खालून हवा खेळेल अशी ठेवावी आणि प्लास्टिकने गुंडाळू नये, कारण त्याखाली ओल कोंडते. गाडी पुढे द्यायचे ठरले, तर काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून पेटीत घालावा, छायाचित्रे, जन्मदाखला आणि वारसांच्या संमतीपत्रांच्या प्रती सोबत द्याव्यात, आणि नमुना २९ व ३० वर सह्या झाल्यावरच गाडी टेम्पोवर चढवू द्यावी.