अ‍ॅसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं चालू आहे? आधी जुनी चिठ्ठी शोधा

सकाळी तर्री पोहे, रात्री उशिरा सावजी आणि उठल्याबरोबर उपाशीपोटी एक पॅन्टोप्राझोल, असं नागपुरात कित्येक घरी चालू आहे. मग कोणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकते की या गोळीनं किडनी जाते, आणि माणूस घाबरून दुसऱ्याच दिवशी बंद करते. दोन्ही चूकच.

गोळी चांगली का वाईट हे नंतर पाहा, आधी हे शोधा की ती सुरू काहून झाली होती. फाईल काढा, जुनी चिठ्ठी पाहा. अन्ननलिकेत जखमा असतील, बॅरेट (अ‍ॅसिडनं अन्ननलिकेचं आतलं अस्तर बदलणं) निघालं असेल, अल्सरमधून रक्त गेलं असेल, किंवा अ‍ॅन्जिओप्लास्टीनंतर अ‍ॅस्पिरिन-क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ करायच्या गोळ्यांसोबत चालू असेल तर बाप्पा, मनानं बंद करू नका, तिथं फायदा धोक्यापेक्षा मोठा आहे. (क्लोपिडोग्रेलवाल्यांनी ओमेप्राझोल आणि एसोमेप्राझोल या याच गटातल्या गोळ्या मात्र टाळायच्या, डॉक्टरला सांगून बदलून घ्या.) पण गुडघ्याच्या पेनकिलरसोबत पाच दिवसांसाठी लिहिलेली गोळी पाच वर्षं चालू असेल तर ती कमी करायचा विषय डॉक्टरकडे काढाच.

आता धोके. सगळ्यात कामाचा म्हणजे बी12, कारण अन्नातलं बी12 सुटायला अ‍ॅसिड लागते. दोन वर्षांच्या वर गोळी चालू, त्यात शाकाहारी, त्यात शुगरसाठी मेटफॉर्मिन, असा माणूस आपल्याकडं घरोघरी सापडते, त्यानं टेस्ट करूनच घ्यावी. मॅग्नेशियम कमी होते म्हणून अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेनं 2011 मध्ये इशारा दिला होता, पायात गोळे येत असतील किंवा लघवी जास्त व्हायची गोळी चालू असेल तर तेही तपासा. हाडं मोडण्याबद्दलचा इशारा 2010 चा, तो मुख्यतः जास्त डोस किंवा वर्षाच्या वर घेणाऱ्यांसाठी. किडनी आणि विसरभोळेपणाचं जे फिरून राहिलं ते बहुतेक निरीक्षणावरच्या अभ्यासांतलं आहे, मुळातच आजारी लोक ही गोळी जास्त घेतात म्हणून त्यातून कारण सिद्ध होत नाही. 2019 मध्ये कंपास ट्रायलचा निकाल आला, हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या 17 हजारांवर पेशंटना सरासरी 3 वर्षं पॅन्टोप्राझोल किंवा नुसती खोटी गोळी देऊन पाहिली, तर ठळक फरक फक्त आतड्याच्या इन्फेक्शनमध्ये दिसला. किडनीला अचानक सूज येणं मात्र खरं आहे, पण क्वचित.

एक गोष्ट लोक पाहतच नाहीत, ती म्हणजे पॅन-डी या जोड औषधाच्या गोळीतला डी. तो डोम्पेरिडोन, मळमळीचं औषध, हृदयाचे ठोके बिघडवू शकते म्हणून युरोपात 2014 पासून साधारण आठवडाभरच घ्या असं सांगतात, आणि आपल्याकडं लोक वर्षभर घेऊन राहिले! स्ट्रिपवर पाहा आणि डी नसलेली साधी गोळी चालेल का ते डॉक्टरला विचारा.

बंद करायचं ठरलं तर एकदम सोडू नका. दाबलेलं अ‍ॅसिड उसळून येते, काही आठवडे आधीपेक्षाही जास्त जळते, आणि माणसाला वाटते की गोळीशिवाय आपलं होतच नाही. डॉक्टरला विचारून 40 मिलिग्रॅमची 20 करा, मग एक दिवसाआड, मधे त्रास झाला तर फॅमोटिडीन (अ‍ॅसिड कमी करणारी दुसऱ्या प्रकारची गोळी) किंवा पातळ अ‍ॅन्टासिड. जेवण झोपायच्या तीन तास आधी, लग्नसराईत हे जमत नाही माहीत आहे, पण पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवणं तर जमते ना, दोन उशांनी काम होत नाही.

गोळी चालूच ठेवायची असेल तर नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्या, खाल्ल्यावर घेतलेली नीट लागू होत नाही, आणि थायरॉइडची गोळी असेल तर टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) तपासत राहा.

घास अडकणं, वजन आपोआप उतरणं, काळी शी, रक्ताची उलटी, यातलं काही असेल तर गोळ्या बदलत बसू नका, पोटाचा डॉक्टर गाठा आणि एन्डोस्कोपीचं विचारा, काळी शी किंवा रक्ताची उलटी असेल तर त्याच दिवशी. छातीत जळजळ होऊन घाम फुटला, हात-जबडा दुखायला लागला तर अ‍ॅसिडिटी समजून घरी थांबू नका, आधी ईसीजी.