दुसऱ्या राउटिंग इंजिनकडे कोण बघतं?

एनओसीत, म्हणजे नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या कक्षात, नव्याने रुजू झालेल्यांसाठी, त्यातही रात्रपाळीवाल्यांसाठी हे लिहितोय.

माझी पहिली नोकरी नवी मुंबईत, इंटरनेट पुरवणाऱ्या एका कंपनीत. आमच्याकडे ज्युनिपर कंपनीचा एमएक्स ४८० राउटर होता. त्यात पॅकेट पुढे ढकलायचं काम लाइन कार्डांचं, तर बीजीपी, ओएसपीएफ (पॅकेटांचे मार्ग ठरवणारे प्रोटोकॉल) आणि कॉन्फिगरेशन सांभाळायचं काम राउटिंग इंजिनचं. ही इंजिनं दोन बसवता येतात. वेगळं काही सांगितलं नाही तर आरई० (आरई म्हणजे राउटिंग इंजिन) मास्टर आणि आरई१ बॅकअप.

दोन आहेत म्हटल्यावर मी निर्धास्त होतो. पाळीवर आलो की मास्टरचा सीपीयू, मेमरी, तापमान रजिस्टरमध्ये उतरवायचो. बॅकअपच्या रकान्यात नुसतं ‘ओके’.

एका पहाटे मास्टर गोठला. कीपअलाइव्ह, म्हणजे ‘मी चालू आहे’ असे मास्टरचे संदेश, थांबले की बॅकअपने ताबा घ्यायचा, एवढं सेटिंग होतं. पण ग्रेस, म्हणजे ग्रेसफुल स्विचओव्हर (इंजिन बदललं तरी लाइन कार्डं चालू ठेवणारी सोय), चालू नव्हतं. त्यामुळे बॅकअप ठरल्याप्रमाणे ३०० सेकंद थांबला. ती पाच मिनिटं मला अजून आठवतात. मग त्याने ताबा घेतला, लाइन कार्डं रीस्टार्ट झाली, आणि गेल्या दोन महिन्यांत जोडलेले ग्राहक कॉन्फिगरेशनमधून गायब! आम्ही सगळे बदल नुसत्या ‘कमिट’ने करत होतो. बदल दोन्ही इंजिनांवर चढवणारं ‘कमिट सिंक्रोनाइझ’ कुणीच केलं नव्हतं, त्यामुळे बॅकअपवर जुनीच प्रत होती. सर्व्हरवरच्या बॅकअप फाइलमधून एकेक इंटरफेस परत चढवेपर्यंत उजाडलं.

तेव्हापासून माझी पाळी बॅकअपपासून सुरू होते. ‘शो चॅसिस राउटिंग-इंजिन’ दोन्ही स्लॉट दाखवतं. सीपीयूचा आयडल आणि मेमरी तर बघाच, पण ‘अपटाइम’ आणि ‘लास्ट रीबूट रीझन’ या ओळी सोडू नका. ठरलेलं काम नसताना बॅकअपचा अपटाइम दोनच दिवसांचा दिसला, तर तो गुपचूप रीबूट झालाय. लगेच तिकीट (बिघाडाची नोंद) टाका, सकाळच्या पाळीवर ढकलू नका.

मग ‘रिक्वेस्ट राउटिंग-इंजिन लॉगिन अदर-राउटिंग-इंजिन’ देऊन प्रत्यक्ष बॅकअपवर जा. तिथे ‘शो सिस्टम स्विचओव्हर’ द्या. ग्रेस ‘ऑन’, कॉन्फिगरेशन आणि कर्नल हे दोन्ही डेटाबेस ‘रेडी’, पीअर ‘स्टेडी स्टेट’, असं दिसलं की मगच रजिस्टरमध्ये ‘ओके’ लिहा. दोन्हीकडचं जुनॉसचं, म्हणजे राउटरच्या ऑपरेटिंग सिस्टमचं, व्हर्जन एकच आहे ना, तेही तिथेच बघून घ्या.

इथे नवीन मुलं हमखास गोंधळतात. ग्रेसमुळे फक्त फॉरवर्डिंग चालू राहतं. बीजीपीची सेशन्स, म्हणजे शेजारच्या राउटरांशी चालू असलेली जोडणी, टिकवायची तर त्यासोबत एनएसआर, म्हणजे नॉनस्टॉप राउटिंग, लागतं. आणि एनएसआर लावायचं तर ‘कमिट सिंक्रोनाइझ’ कॉन्फिगरेशनमध्येच कायमचं घालावं लागतं. हे सगळं आमच्याकडे आधी असतं, तर ती पहाट टळली असती.

सिनियरना विचारून मेंटेनन्सच्या वेळेत एकदा ‘रिक्वेस्ट चॅसिस राउटिंग-इंजिन मास्टर स्विच’ स्वतः देऊन बघा. पहिल्यांदा एंटर दाबताना माझा हात थरथरला होता, तुमचाही थरथरेल. लगेच उलटं फिरवायला जाऊ नका, ग्रेस चालू असताना २४० सेकंद थांबावं लागतं. तेवढ्या वेळात बीजीपी शेजाऱ्यांचा अपटाइम बघा. तो शून्यापासून सुरू झाला नसेल, तर एनएसआर खरंच चालतंय.